‘देवाशी जवळीक’ की ‘देवाशी समेट’?

पाटीवरची अक्षरे:
आमच्या ख्रिस्ती मंडळीतील आईवडिलांनी संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेनंतर मुलांबरोबर वाचावे, असे एक पत्रक मी गुड फ्रायडेसाठी लिहीत आहे. पहिले वाक्य होते : ‘येशूच्या मरणामुळे देवाशी आपली जवळीक झाली.’ माझ्या सासूबाईंनी अनेक वर्षे रविवारची शाळा चालवली आहे. त्यांनी ‘जवळीक’वर लाल शाईची रेघ मारली आणि समासात ‘समेट’ लिहिले. ‘जवळीक साधून दागिने लंपास’ असे वर्तमानपत्रात रोज छापून येत असताना तो शब्द देवाच्या बाबतीत नको, असे त्यांचे म्हणणे. यावर माझ्या दहा वर्षांच्या मुलीने विचारले, ‘समेट म्हणजे दोघे भांडले होते ना? मग देव आपल्याशी कधी भांडला?’ मला दोघींचेही पटते आणि वाक्य मात्र अडून बसले आहे.

जुना खिळा:
ताई, समेटच ठेवा. बायबलमधील करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तोच शब्द आहे आणि तेथे समेट घडवून आणणारा स्वतः देव आहे. दुरावलेला आहे तो माणूस. मुलीचा प्रश्न चुकीचा नाही, पण आपल्याकडे समेट म्हटला की दोन्ही पक्षांनी एकेक पाऊल मागे घ्यायचे असते, म्हणून तो पडतो. खरा अडचणीचा शब्द ‘प्रायश्चित्त’ हा आहे, कारण मराठीत पाप करणारा स्वतःच प्रायश्चित्त घेतो. आपल्या पापाचे प्रायश्चित्त येशूने केले, हे घरात समजावून सांगायला गेलात तर अर्धा तास त्यातच जाईल.

तळटीप:
‘प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते’ अशी फोड परंपरेने दिली आहे. प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय, तेव्हा प्रायश्चित्त म्हणजे तपाचा निश्चय. व्युत्पत्ती म्हणून ती कितपत टिकते हा प्रश्न वेगळा, पण समाजाच्या मनात शब्द असाच बसला आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहापायी रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या मिशनऱ्यांच्या शास्त्रात प्रायश्चित्त ख्रिस्ताने एकदाच केले आहे, त्यांच्या घरचा चहा प्यायल्याबद्दल पाहुण्यांनी ते घ्यायचे! एकच शब्द एका टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोन अर्थांनी बसला होता, आणि म्हणूनच मुलांच्या पत्रकात तो वापरू नये.

वसईची वाट:
हा सगळा संस्कृतचा सोस आहे. आम्ही कॅथलिक ‘क्रूस’ म्हणतो, तो पोर्तुगीजांकडून आला आणि घरचा झाला. त्याच क्रूसाला तुम्ही लावलेल्या ‘वधस्तंभ’ या शब्दाने लहान मुलाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, ते कोणी विचारले आहे काय? १६१६ साली फादर स्टीफन्स या जेझुइटांनी ख्रिस्तपुराण या आपल्या मराठी काव्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ लिहिले आणि कोणाचे काही बिघडले नाही.

जुना खिळा:
बिघडते असे वाटणारेही होते. केडगावला पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर नव्याने हाती घेतले, ते रूढ शब्दांना चिकटलेले जुने अर्थ त्यांना खुपत होते म्हणून, आणि अल्पशिक्षित बायकांना वाचता यावे म्हणून. त्या १९२२ साली गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ साली निघाले. वैकुंठ म्हटल्यावर तेथे विष्णू आधीच राहत असतो.

तळटीप:
उलट बाजूने पाहा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना जुन्या शब्दांचे ओझे झाले नाही. नवविधा भक्तीतला आठवा शब्द ‘सख्य’ येथे का चालू नये? त्यात भांडणही नाही आणि दागिनेही नाहीत.

पाटीवरची अक्षरे:
सख्य सुंदर आहे, पण आमच्या घरांत तो शब्द बोलतात कोण? मार्क १०:४५ मध्ये येशू पुष्कळांसाठी आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो, त्या शब्दाची गतही अशीच झाली. मागच्या वर्षी तो शब्द वाचल्यावर एका मुलाने ‘मग खंडणी मागितली कोणी?’ असे विचारले आणि सगळे वडीलधारे ताटाकडे पाहू लागले.

तळटीप:
चौथ्या शतकात नाझियान्झच्या ग्रेगरी या धर्माचार्यानेही हेच विचारले होते, की ही किंमत कोणाला दिली? सैतानाला म्हणावे तर लाज वाटते, आणि पित्याला म्हणावे तर आपण त्याच्या कैदेत नव्हतोच. त्या मुलाला शाबासकी द्या.

पाटीवरची अक्षरे:
मग ‘समेट’, ‘सख्य’ असे नामच नको. इफिसकरांस दुसऱ्या अध्यायात ‘जे दूर होते ते जवळचे झाले’ अशी साधी रचना आहे, ती मी घेते. शिवाय आईची जुनी साडी स्वयंपाकघराच्या दारात बांधून, एकाला आत आणि बाकीच्यांना बाहेर उभे करून, येशूच्या मरणाच्या वेळी मंदिरातला, माणसांना देवाच्या स्थानापासून आड ठेवणारा पडदा फाटल्याची गोष्ट सांगावी असे लिहिले आहे. आम्ही घरी करून पाहिले. साडी वरून टरकावली तेव्हा धाकटा आधी दचकला आणि मग कोणी न सांगता आत धावला.

वसईची वाट:
‘पडदा’ फारसी आहे, हे संस्कृतवाल्यांच्या लक्षात आले काय?

जुना खिळा:
आले. बायबलच्या निर्गम पुस्तकात निवासमंडपातल्या, म्हणजे देवाच्या तंबूतल्या, पडद्यासाठी ‘अंतरपट’ आहे, तोच येथेही घ्यावा. लग्नातला अंतरपट दूर झाला की नवरानवरी समोरासमोर येतात, हे मराठी मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

तळटीप:
मुळीच नाही. लग्नातला अंतरपट दोन माणसे धरतात आणि मंगलाष्टके संपली की तीच बाजूला घेतात. मत्तयाने पडदा वरून खालपर्यंत फाटला असे मुद्दाम लिहिले आहे, म्हणजे तो माणसाच्या हाताने दूर झालेला नाही. अंतरपट घेतलात तर मरणाचा भाग गळतो आणि उरते ते लग्न.

वसईची वाट:
आमच्याकडे तर ‘अंतरपाट’ म्हणतात. पटाचा पाट कसा झाला, हे कोणी सांगेल काय?