संत्रा युनिट: पीएमईजीपी घ्यावं की कंपनी काढून स्टार्टअपचा दाखला?

काटोल_नाका: कळमेश्वरजवळ ग्रामीण भागात संत्र्याचा रस आणि पल्प काढायचं युनिट टाकायचं आहे. आम्ही दोघे भागीदार, शेड-मशीन धरून प्रकल्प 20 लाखांचा. सीए म्हणतात प्रायव्हेट लिमिटेड काढून सरकारचा स्टार्टअपचा दाखला घ्या, बँकवाले म्हणतात पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे अनुदानासह कर्ज) करा. दोन्ही जमतं का?

हिशोबी: नाही जमत भाऊ. पीएमईजीपीत कंपनी बसत नाही, अर्ज एकाच्याच नावाने होतो. स्टार्टअपचा दाखला कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारीला मिळतो, प्रोप्रायटरला, म्हणजे एकट्या मालकाच्या धंद्याला, नाही. आज प्रोप्रायटर, उद्या कंपनी असं करायला गेलात तर चालू धंद्याची पुनर्रचना म्हणून दाखला अडतो. लोक नेमके इथेच फसतात.

पीएमईजीपीचं गणित असं: सर्वसाधारण प्रवर्गाला ग्रामीण भागात अनुदान 25 टक्के, म्हणजे 5 लाख. स्वतःचे 10 टक्के, 2 लाख. उरलेलं 18 लाख बँकेचं कर्ज. महिला, ओबीसी, एससी-एसटी असाल तर अनुदान 35 आणि स्वतःचे 5 टक्के. पण अनुदान हातात येत नाही. ते 3 वर्षं बँकेत मुदत ठेव म्हणून पडून असतं. ठेवीवर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावरही व्याज लागत नाही. म्हणजे तुम्हाला व्याज 13 लाखांवरच. उत्पादन आधीच सुरू केलं तर जुनं युनिट ठरून अर्ज बाद. सध्या अर्ज घेतात का, ते आधी पोर्टलवर बघा.

सीताबर्डी_सीए: दाखल्याचा मोह थोडा आवरा. पूर्वी बरेच जण तो एंजल टॅक्स (जादा भावाने शेअर विकून आलेल्या पैशावरचा कर) टाळायला घ्यायचे. तो कर 2024 च्या अर्थसंकल्पातच गेला. स्टार्टअपच्या नफ्यावरची करमाफी (80-आयएसी) दाखल्यासोबत आपोआप मिळत नाही, केंद्राच्या आंतर-मंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आणि नुसत्या रसात नावीन्य काय, हा प्रश्न येणारच. बाहेरचा गुंतवणूकदार खरंच येणार असेल तर कंपनीच काढा, एलएलपीला शेअर देता येत नाहीत. पण कंपनीचं वार्षिक विवरण भरायला उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे रोज 100 रुपये दंड, धंदा बंद असला तरी.

काटोल_नाका: मग पीएमईजीपी एकाच्या नावाने घेतलं तर दुसऱ्याचं काय?

हिशोबी: मालक एकच. दुसऱ्याचे पैसे कर्ज म्हणून लेखी घ्या, तोंडी ‘निम्मं-निम्मं’ नको.

गर_आणि_साल: मशीनचं कोणी बोललंच नाही. स्क्रू ज्यूसरमध्ये बिया आणि आतली पांढरी साल चिरडते, रस काढताना गोड लागतो आणि काही तासांत कडू होतो. हे लिमोनिन या कडू द्रव्यामुळे. तापवलं की आणखी लवकर. आधी साल काढा, कमी दाबाचा पल्पर घ्या, गर लगेच गाळा. कच्च्या, हंगामाच्या सुरुवातीच्या फळात कडूपणा जास्त. कोटेशन मागताना बी फुटतं का हे आपलीच संत्री नेऊन बघा. आंबिया आणि मृग या दोन बहारांचे हंगाम सोडून मशीन रिकामी, हप्ता मात्र बारा महिने. त्यामुळे पल्प गोठवून ठेवायची सोय त्या 20 लाखांतच धरा.