३.८ नॅनोमीटरचं ते टोक खरं धरू नका

गॅमा ॲल्युमिना (बारीक छिद्रांचं ॲल्युमिनियम ऑक्साइड) नायट्रोजनने तपासून काढलेल्या छिद्रांच्या आकाराच्या आलेखात ३.८ नॅनोमीटरला सुईसारखं टोक आलं, म्हणजे छिद्रं एकसारखी झाली, असा निष्कर्ष काढला जातोय. घाई होतेय. ते टोक बहुधा छिद्रांचं नाहीच.

७७ केल्विनला छिद्रांत द्रव होऊन भरलेला नायट्रोजन बाहेर पडताना सापेक्ष दाब (संपृक्त दाबाच्या तुलनेतला) ०.४२ च्या आसपास आला की छिद्रांतल्या द्रवाला ताण सोसत नाही, त्यात बुडबुडे धरतात आणि तो एकदम निघून जातो. अरुंद तोंडामागच्या लहानमोठ्या पोकळ्या अशा एकाच दाबाला रिकाम्या होतात. बीजेएच पद्धत (दाबावरून छिद्राचा व्यास काढायची रीत) त्या दाबाचा व्यास काढते, तो ३.८ च्या जवळ येतो. (गणित बरोबर; रिकामं होण्याचा दाब छिद्राच्या आकारावरून ठरतो, हे गृहीतक इथे चूक!) पडताळा सोपा: आलेखाच्या अधिशोषणाच्या शाखेवरून (नायट्रोजन आत जातानाच्या नोंदींवरून) छिद्रांच्या आकाराचं वितरण काढा. टोक तिथे नसेल तर विषय संपला.

याच मोजणीतून क्षेत्रफळही काढतात; त्यासाठी आधी नमुना निर्वातात २०० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवा आणि वजन त्यानंतरचंच धरा. ॲल्युमिना हवेतलं पाणी भराभर ओढतं, त्यामुळे आधीचं वजन घेतलं तर प्रतिग्रॅम क्षेत्रफळ कमी दिसतं. २०० चौ.मी./ग्रॅमच्या मालाला नळीत ०.२ ग्रॅम पुरे.

क्षेत्रफळ खरोखरच कमी असेल तर भट्टीकडे बघा. बोहमाइट (ज्यापासून गॅमा ॲल्युमिना बनतं तो कच्चा माल) ५५० अंशांवर भाजताना पाणी सोडतं. मुशीत जाड थर असला तर ती वाफ तिथेच कोंडते, कण एकमेकांत मिसळतात, लहान छिद्रं जातात. थर पातळ, तापमानाची वाढ मिनिटाला २ अंश, हवेचा झोत चालू.