फँटसी आरपीजी: तुमच्या निवडीने गोष्ट खरंच बदलली का? (अनुभव धागा)

पायवाट
'तुमच्या निर्णयांनी कथा घडते' असं जवळजवळ प्रत्येक आरपीजीची (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे ज्यात आपण एक पात्र होऊन खेळतो) जाहिरात सांगते. खेळायला बसलं की तीनपैकी कुठलंही उत्तर द्या, समोरचा तेच बोलतो. म्हणून हा धागा. तुमच्या एखाद्या निवडीने गोष्ट खरोखर वळली असेल, किंवा निवड नसूनही गोष्टीने धरून ठेवलं असेल, तर सविस्तर लिहा. रहस्यभेद होणारच, जपून वाचा.

सुरुवात मी करतो. द विचर ३ (२०१५), त्यातल्या वेलेन या प्रदेशातला ब्लडी बॅरन. दारूच्या नशेत बायकोवर हात उचलणारा, आणि आता घर सोडून गेलेल्या बायको-मुलीला शोधणारा. मध्येच एका टेकडीखाली, झाडात कोंडलेला आत्मा भेटतो. त्याला सोडवलं तर दलदलीतली अनाथ पोरं वाचतात, पण बॅरनची बायको ॲना मरते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर पोरं जातात. ॲना वेडाच्या भरात का होईना जगते, आणि बॅरन तिला उपचारांसाठी घेऊन निघतो. निर्णय घेताना यातलं काहीच माहीत नसतं. परिणाम नंतर, वेगळ्याच ठिकाणी समोर येतो, तोवर जुना सेव्ह (जपून ठेवलेला खेळाचा टप्पा) कुठल्या कुठे मागे पडलेला. माझ्या मते खरी करामत या उशिरात आहे. लगेच निकाल कळला असता तर मी सेव्ह लोड करून दोन्ही उत्तरं पाहिली असती आणि विसरलो असतो. मी आत्म्याला सोडलं होतं. त्या माणसासाठी इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. त्याचे गुन्हे गेम कुठेही धुऊन टाकत नाही, हे मला फार आवडलं.

रातवा
बॅरनबद्दल सहमत, पण माझं मत ड्रॅगन एज: ओरिजिन्सला (२००९). यात पात्राचं मूळ निवडता येतं आणि सुरुवातीचे काही तास त्यानुसार पूर्ण वेगळे असतात. मी ओरझामार या भूमिगत शहरातली जातिबाह्य ड्वार्फ (बुटक्यांच्या वंशातली) घेतली. जन्मतःच चेहऱ्यावर डाग दिलेली, डस्ट टाउन या तिथल्या गरीब वस्तीत वाढलेली, शस्त्र धरायचाही हक्क नसलेली. पुढे ग्रे वॉर्डन (राक्षसी टोळ्यांशी लढणाऱ्या योद्ध्यांपैकी एक) होऊन ती त्याच शहरात परतते आणि तिथला राजा कोण व्हावा हे तिच्या हातात येतं.

एकीकडे हॅरोमॉन्ट: सभ्य, शब्दाला जागणारा, परंपरेचा पाईक. दुसरीकडे भावाचा काटा काढलेला, पाताळयंत्री बेलेन. सरळ बघितलं तर हॅरोमॉन्टच. पण शेवटी कळतं की त्याच्या राज्यात जातीची बंधनं आणखी आवळली जातात, शहर बाहेरच्या जगाला पाठ फिरवतं. बेलेन सरदारांची सभा मोडून एकहाती सत्ता चालवतो, पण व्यापार खुला करतो आणि जातिबाह्यांना थोडी मोकळीक देतो. मी बेलेनला निवडलं, शेवट माहीत नसताना. कारण हॅरोमॉन्टची ती सभ्यता माझ्या पात्राच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. मानव सरदार घेऊन खेळणाऱ्या माझ्या भावाने बेधडक हॅरोमॉन्टला मत दिलं, आणि आम्ही दोघं रात्रभर भांडलो. आपण कोण म्हणून जन्मलो यावर 'चांगला राजा' ठरतो, हे मला दुसऱ्या कुठल्याच गेमने इतकं नेमकं दाखवलं नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला तिथे तटस्थ राहणं कठीण आहे.

तिसरीघंटा
स्कायरिम (२०११). जग अफाट, पण जगाला तुमची फारशी दखल नसते. जेमतेम मंत्र येत असताना मी विंटरहोल्डच्या जादूविद्यालयाचा प्रमुख झालो! अपवाद पार्थुरनॅक्सचा. ब्लेड्स ही ड्रॅगनांशी लढणारी जुनी संघटना म्हणते, या म्हाताऱ्या ड्रॅगनला मार, नाहीतर आमची मदत बंद. 'मारणार नाही' म्हणून ही क्वेस्ट (कामगिरी) संपवायची सोयच नाही. ती यादीत तशीच पडून राहते. मी ती आजही तशीच ठेवली आहे.

कोकमसरबत
थोडा विरोधी सूर लावते. फायनल फँटसी ७ (१९९७). आपल्या बाजूने लढणारी एरिथ मरते, आणि तुम्ही काहीही करू शकत नाही. जिला टप्प्याटप्प्याने ताकदवान केलं, जिच्या लिमिट ब्रेकवर (लढाईत भरत जाणाऱ्या खास ताकदीवर) कित्येक लढाया निभावल्या, ती लढाईच्या मेनूतूनच नाहीशी होते. पुढच्या लढाईत बरं करणारं कुणी नाही, तेव्हा ते दुःख हाताला जाणवतं. तिथे 'वाचवा / वाचवू नका' असा पर्याय असता, तर ते एक कोडं झालं असतं. गोष्ट सांगणाऱ्याने कधीकधी ठाम राहावं.

निवडुंग
@कोकमसरबत, पटलं. तरी बाल्डर्स गेट ३ (२०२३) मित्रांबरोबर खेळून बघा. बोलणी जमतील का हे ठरवणारा फासा पडद्यावर सगळ्यांसमोर पडतो, आणि बोलणी फसली तरी गोष्ट बहुतेक वेळा थांबत नाही, दुसरीकडे वळते. आमच्यातल्या एकाच्या हट्टापायी आम्ही मिंथारा या शत्रूच्या सेनानीच्या बाजूने एमराल्ड ग्रोव्ह या आश्रयस्थानावर हल्ला केला. कार्लाक आणि विल हे साथीदार सोडून गेले. आश्रयाला आलेले टीफलिंग (शिंगं असलेल्या वंशाचे निर्वासित) मेले, त्यांच्याशी जोडलेल्या पुढच्या कथाही गेल्या. आता त्याच मंडळींबरोबर पुन्हा सुरुवात केली आहे, आणि या वेळी ग्रोव्हच्या दारात कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे आधीच ठरलंय.