सोलापुरात गल्लीत सापडलेली खानावळ: अशा जागा अजून कुठे आहेत, आणि त्या टिकतात कशा?

वाटेवरची

नमस्कार मंडळी. पुण्याहून हैदराबादला गाडीने जाणं-येणं असतं आमचं, आणि सोलापूर म्हणजे बाहेरूनच पुढे काढायचं गाव, हायवेवर एखाद्या मोठ्या हॉटेलात पनीर आणि नान खायचं आणि सुटायचं, हे ठरलेलं. यावेळी आई बरोबर होती, तिला सिद्धेश्वराचं दर्शन घ्यायचंच होतं म्हणून गावात शिरलो. तळ्यातलं देऊळ बघून आई इतकी खूश झाली की मग चादरी पण बघू म्हणाली, आणि चादरीच्या दुकानातल्या काकांना मी विचारलं जेवायला चांगलं कुठे, तर ते म्हणाले "हॉटेल पाहिजे का जेवण पाहिजे?" जेवण म्हटल्यावर त्यांनी दुकानातला मुलगाच बरोबर दिला, बाळीवेशीच्या बाजूला दोन गल्ल्या आत.

पाटी नाही बाहेर. जुना वाडा, खाली शहाबादी फरशी, भिंतीला लागून लाकडी बाकं, चार टेबलं, वर सिद्धरामेश्वरांचा फोटो आणि त्याला ताजा हार. आत शिरताच डाव्या हाताला एक मावशी भाकरी थापत बसलेल्या, परातीत दोन्ही हातांनी गोल फिरवत फिरवत अशी मोठी आणि पातळ करायच्या की बघतच राहावं, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, मग उलटायची आणि शेवटी निखाऱ्याला लावली की टम्म फुगायची. ताटात गरम भाकरी, एक कडक भाकरी, भरलं वांगं, मटकीची उसळ, कच्चा कांदा, काकडी आणि शेंगाचटणी. मालक काकांनी विचारलंपण नाही, चटणीत घट्ट दही घातलं आणि वरून तेलाची धार सोडली. चटणी पावडर नव्हती, बोटांत धरली तर गोळा राहत होता आणि तेल सुटत होतं. आई भाकरीवर भाकरी घेत होती, एरवी घरी अर्धी पोळी खाते!

काका आमच्याशी मराठीत, मावशींशी कानडीत आणि भांडी घासणाऱ्या पोराशी हिंदीत बोलत होते, तेही एकाच दमात. बिल तिघांचं मिळून पुण्यात एका थाळीला जातं तेवढं. पण दुपारचे दोन वाजलेले आणि आम्ही सोडून फक्त दोन माणसं. काका म्हणाले पोरं सगळी पुण्याला गेली, मुलगा पण तिकडेच आहे. बाहेर आल्यावर पण बाजार तसा सुस्तच वाटला, दोन-तीन दुकानांना तर कायमची कुलपं.

मला खरंच दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा अजून कुठल्या जागा आहेत का सोलापुरात, आणि ही माणसं एवढ्या कमी पैशात चालवतात कशी? जागेचं नाव-पत्ता इथे टाकावा असं फार वाटतंय पण काकांना न विचारता टाकणं बरोबर वाटत नाही.

जुनीमिल

ताई, वाचून फार बरं वाटलं, सोलापूरबद्दल कोणी चांगलं लिहिलं की आमचा दिवस चांगला जातो.

टिकतात कशा हे समजायला इथल्या कापड मिला समजून घ्याव्या लागतील. इथली पहिली मोठी मिल १८७७ ची, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, तिलाच सगळे जुनी मिल म्हणतात. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल. भोंग्यावर अख्खं गाव उठायचं आणि झोपायचं. आसपासच्या खेड्यांतून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं एकटी यायची, खोलीत पाच-सहाजण राहायचे आणि महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवायचे. पगार झाला की हिशोब. माझे आजोबा असेच राहिले, लग्न होईपर्यंत चूल बघितली नाही त्यांनी. तुम्ही बसलात ती बाकं बहुतेक त्याच गिऱ्हाइकासाठी केलेली असणार, ट्रिपवाल्यांसाठी नाही.

आणि हीच कामगार मंडळी १९३० च्या मे महिन्यात रस्त्यावर उतरली, गावातला इंग्रजी अंमल काही दिवस उठला होता, मग मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी आईंना घेऊन गेला नसाल तर पुढच्या वेळी नक्की जा.

मिला एकेक करून बंद पडल्या तशा खानावळीपण गेल्या. ज्यांचा वाडा स्वतःचा होता, भाडं नव्हतं, त्या राहिल्या. म्हणून तुम्हाला चांगलं जेवण नेहमी जुन्या वाड्यातच सापडेल, नव्या कॉम्प्लेक्समध्ये भाडं भरून त्या दरात भाकरी कोणी देऊच शकत नाही. आता गिऱ्हाईक म्हणजे बाजारातली दुकानातली पोरं, कोर्टकचेरीला आलेली खेड्यातली माणसं, आणि एकटे राहणारे म्हातारे, ज्यांचा डबा जातो. तुम्ही दोन वाजता गेलात म्हणून रिकामं दिसलं, साडेबारा ते दीड जागा मिळत नाही अशा ठिकाणी.

मालदांडी

भाकरीबद्दल थोडं बोलतो, कारण जेवणातलं निम्मं श्रेय ज्वारीचं आहे. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, काळ्या खोल रानातली रब्बीची ज्वारी, पेरल्यावर नुसत्या ओलीवर आणि थंडीवर येते, दाणा मोत्यासारखा. तिची मालदांडी ही जात मोहोळच्या संशोधन केंद्रातली निवड, अजून लोक तिलाच मानतात.

मावशींची भाकरी एवढी मोठी पातळ होत होती म्हणजे पीठ ताजं होतं. चार-आठ दिवसांचं पीठ झालं की विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो, कडा फाटतात, थापायला घेतली की तुटते. म्हणून चांगल्या खानावळी दोन दिवसाला दळण आणतात, आणि हे काम कोणी बघत नाही पण तिथेच सगळं आहे.

कडक भाकरी वेगळी. ती अजून पातळ थापतात, भाजून झाल्यावर मंद आचेवर पार वाळवतात, पापडासारखी वाजली पाहिजे. महिनाभर काही होत नाही. पूर्वी प्रवासाला, रानात, शिक्षणाला गेलेल्या पोरांना हीच बांधून द्यायचे, आता इथल्या कितीतरी बायकांचा हा घरचा धंदा आहे, पाकिटं पुण्या-मुंबईला जातात. शेंगाचटणी पण उखळात कुटलेलीच घ्या, मिक्सरची नको. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं, बास. कुटल्याने शेंगदाण्याचं तेल सुटतं म्हणून तो गोळा होतो जो तुम्ही बघितलात.

डिसेंबर-जानेवारीत आलात तर हुरडा खायला रानात या, गावात जेवायची गरजच पडणार नाही.

पूर्वभागातली

सगळे छान लिहितायत पण मला एक दोन गोष्टी स्पष्ट बोलायच्या आहेत.

एक म्हणजे बाजारात दोन कुलपं दिसली म्हणून गाव सुस्त म्हणू नका प्लीज. पूर्व भागात या, अशोक चौकाच्या पुढे, गल्लीत उभं राहिलं तरी लूमचा आवाज ऐकू येतो. टॉवेल, चादरी, शाळेचे युनिफॉर्म, हे सगळं इथून देशभर जातं. आम्ही पद्मशाली, आमचे पणजोबा तेलंगणातून विणकामाला आले, घरात अजून तेलुगू बोलतो. त्रास आहे, नाही असं नाही, सुताचे भाव, लाईटबिल, आणि पावरलूमवरची नवी पोरं मिळत नाहीत, कारण बारा तास उभं राहून जे मिळतं त्यापेक्षा पुण्यात डिलिव्हरी केली तरी जास्त मिळतं. पण काम चालू आहे.

दुसरं, ते स्वस्त बिल. तुम्हाला आनंद झाला, ठीक आहे. पण ते बिल कमी आहे कारण थापणाऱ्या मावशींची मजुरी कमी आहे. माझी आई विड्या वळायची, दिवसभर सुपात पानं कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून हजार विडी झाली की कुठे मजुरी, आणि त्यातली वाईट म्हणून काढून टाकलेली विडी हिशोबात नाही. अशा घरातल्याच बायका सकाळी खानावळीत पोळ्या-भाकरी करायला जातात. तेव्हा पुढच्या वेळी गेलात तर काकांना बिल द्या आणि मावशींच्या हातात वेगळे पैसे द्या, जेवण आवडलं म्हणून सांगून द्या. त्यांना कोणी सांगतच नाही, सगळे मालकाचं कौतुक करून जातात.

आणि खायला फक्त बाळीवेस का, आमच्याकडे सकाळी सात वाजता इडली-डोसा खाऊन बघा, लूमवर जाणारे लोक उभ्या उभ्या खातात त्या गाड्यांवर. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो त्या दिवशी आलात तर आमच्या घरीच या जेवायला, पुंटीकूर करते मी, अंबाडीची भाजी ओ, आंबट आणि तिखट.

मेसवाला

मी इथंच छोटी मेस चालवतो म्हणून सांगतो, नाव-पत्ता टाकू नका आणि रील तर अजिबात बनवू नका. आमच्या इथल्या एका चांगल्या खानावळीचं कुणीतरी व्हिडिओ टाकलं, पुढच्या रविवारी शंभर माणूस दारात, भाकरीवाली एक, ती काय मशीन हाय का? रोजची गिऱ्हाइकं उपाशी परत गेली, त्यातली निम्मी दुसरीकडं लागली ती लागलीच. महिन्याभरात रीलवाले यायचे बंद झाले आणि मालकाचं दोन्हीकडून गेलं. आम्ही रोजच्या माणसावर जगतो बघा. चाळीस डबे बांधलेले असले की सकाळी किती पीठ मळायचं ते माहीत असतं, काय वाया जात नाही, त्यात चार पाहुणे आले तर ते वरचे, त्यांचा आनंदच हाय.

खर्चाचं विचारलं म्हणून सांगतो. कमर्शियल सिलेंडर, ज्वारी, तेल हे तर सगळ्यांनाच. आमचा खरा ताप म्हणजे पाणी. नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतंय, उजनी धरण जिल्ह्यात असून, मग टँकर घ्या नायतर बोअर चालवा. दुसरा ताप भाकरीवाली. पोळी लाटणारी मिळती, भाकरी थापणारी नवीन पोरगी मिळत नाही. आमच्या मावशी पासष्टच्या पुढच्या हायत, त्या बसल्या की मी पण बसणार. त्या बाईंनी वर मजुरीचं लिवलंय ते शंभर टक्के खरं हाय, मी दोनदा वाढवली गेल्या काही वर्षात आणि थाळीचे वीस रुपये वाढवले तर लोक कुरकुरले, पण गेलं कोणी नाही.

तुम्ही काय करायचं तर सांगतो. बारा-साडेबाराला या, किंवा सकाळीच फोन करून सांगा एवढी माणसं येतोय म्हणून. जाताना चटणी, कडक भाकरी त्यांच्याकडूनच विकत न्या, त्यात दोन पैसे जास्त सुटतात. आणि ओळखीच्या माणसाला तोंडी सांगा. चादरवाल्या काकांनी तुम्हाला सांगितलं तसंच.

वाटेवरची

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः मावशींच्या पैशांचं सांगितलंत त्याबद्दल. पत्ता टाकत नाही, पुण्यात ओळखीतलं कोणी त्या बाजूला निघालं तर त्याला सांगेन. आता असं वाटतंय की नुसतं जेवायला थांबण्यापेक्षा एक रात्र मुक्कामच करावा. कधी यावं आणि गाडी नको असेल तर कसं यावं? आईला फार चालवत नाही.

जुनीमिल

या की! पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी सुटते, रात्री सोलापूर. मुंबईचं कोणी असेल तर २०२३ पासून वंदे भारत आहे, तीपण रात्रीच पोचवते, म्हणजे दुसरा दिवस पूर्ण हातात राहतो. सकाळी पूर्व भागात इडली, मग सिद्धेश्वर आणि शेजारीच भुईकोट किल्ला, आईंना उन्हाच्या आधी जमेल. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, स्मारक केलंय, १९१० ला इथेच जन्मलेले आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना वारले, फार लोक जात नाहीत तिथे पण जाऊन या. साडेबाराला खानावळ.

जानेवारीत आलात तर गड्ड्याची यात्रा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा मिळेल, भोगीला देवळापाशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा म्हणजे देवाचं लग्न, सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, अख्खं गाव रस्त्यावर. पण मग लॉज आधी बुक करा आणि आईंसाठी रिक्षा ठरवून ठेवा, त्या दिवसांत गावातले रस्ते बंद असतात. गर्दी नको असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर. एप्रिल-मे मात्र अजिबात नको, चाळीसच्या वर जातं ऊन.

पूर्वभागातली

आणि मुक्कामाला येणार असाल तर इथे आधी टाका, सकाळी मी येते स्टेशनला. आईंसाठी गाडी आमची आहे.