सड्यावरचा मॉल

सी-३०१: सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, मॉल येतोय म्हणे. मल्टिप्लेक्स, फूड कोर्ट, सगळं! आता सिनेमाला पणजीला धावायला नको 🎉

बी-२०३ वैनी: कुठला सडा? आमच्या माहेरच्या वरचा?

सी-३०१: हो वैनी, हायवेवरून आत वळलं की लागतो तो.

बी-२०३ वैनी: अरे देवा. पावसातली पहिली अळमी (रानातली अळंबी) आम्ही तिथल्या रोयणीवरून, म्हणजे वारुळावरून, आणायचो. श्रावणात तर जांभा दिसतच नाही, सगळी सीतेची आसवं, ती इवली जांभळी फुलं.

सी-३०१: फुलं महिनाभर वैनी, मॉल बारा महिने.

ए-१०२ काका: बारा महिने खरा, पण जायचं कसं? बस जाते का तिथे? शुक्रवारच्या बाजाराला मी पिशवी घेऊन चालत जातो, गुडघे कुरकुरले तरी. तिथे गाडी नसेल तर गेटपर्यंतही पोचणार नाही. कामाला जाणाऱ्या पोरी रात्री दहाला परतणार कशा? मग पार्किंग मोठं, मग रस्ता रुंद, मग रस्त्यालगतच्या शेतांत माती.

सी-३०१: काका, सडा पडीकच आहे हो.

सेक्रेटरी: बी विंगची टाकी भरून वाहतेय. मोटार कोणीतरी बंद करा 🙏

ए-१०२ काका: पडीक कसला बाबा! जांभा म्हणजे चाळण. वर मुरतं तेच खाली झरीला नि विहिरींना येतं. हिशेब कर. आपल्याकडे वर्षाला साधारण १२० इंच पाऊस, म्हणजे ३ मीटर. १०,००० चौरस मीटर पार्किंगवर डांबर घातलं की ३ कोटी लिटर गटारात. १०,००० लिटरचे ३,००० टँकर.

ए-४०१: काका, सगळं मुरत नाही. बरंचसं तसंही वाहूनच जातं.

ए-१०२ काका: बरं, चौथाई धर. ७५० टँकर झालेच की.

बी-२०३ वैनी: भावाच्या विहिरीत मे महिन्यातही कळशी बुडते. टँकर अजून दारात आलेला नाही.

सेक्रेटरी: पर्यावरण परवाना लागेल ना त्यांना?

ए-४०१: बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे. पण इमारतींच्या प्रकल्पांना त्यात जनसुनावणी नाही. बोलायचं ते ग्रामसभेत. आणि गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली जमिनीचा झोन बदलणार असतील तर नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत.

सी-३०१: मला मॉल हवाय, खरं सांगतो. पण बसस्टँडजवळ बांधा म्हणा ना.

ए-१०२ काका: हेच वाक्य हरकतीत घालू.

सेक्रेटरी: ग्रामसभा रविवारी आहे. पण आपण नगरपालिकेचे मतदार, आपल्याला तिथे बोलता येणार नाही.

बी-२०३ वैनी: भाऊ बोलेल. विहीर त्याचीच. मी हिशेबाचा कागद घेऊन जाते.

ए-१०२ काका: मीही येतो, मागे बसेन. बस किती वाजता?

बी-२०३ वैनी: रविवारी त्या बाजूला बस नाही काका.

सी-३०१: 😅 मी गाडी काढतो. साडेनऊला गेटवर या.