मदत हवी आहे: जनुकीय चाचणीत मधुमेहाचा धोका 'जास्त' आलाय, आता दाखवायचं कोणाला?

घोडबंदर रोडला राहतो, वय ३४. आई आणि मामा दोघांना टाइप २, दोघांनाही पन्नाशीनंतर, त्यामुळे कमी वयात होणाऱ्या 'मोडी' (MODY) या आनुवंशिक मधुमेहाची शंका डॉक्टरांना नाही. ऑफिसच्या हेल्थ पॅकेजमध्ये लाळेवरची जनुकीय चाचणी फुकट होती, म्हणून केली. रिपोर्टमध्ये टीसीएफ७एल२ जनुकाचा धोक्याचा प्रकार आई-वडील दोघांकडूनही आलाय (टीटी), आणि खाली ठसठशीत लाल पट्टा.

वाचून कळलं ते असं: धोक्याच्या एका प्रतीमागे शक्यता साधारण १.४ पट, दोन असतील तर जवळपास दुप्पट. परिणाम मुख्यतः इन्सुलिन स्रवण्यावर. म्हणजे कल कळतो, निदान होत नाही. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.६, उपाशीपोटी साखर ९६, कंबर मात्र ९४ सेंटीमीटर. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "तो कागद ठेवा कपाटात आणि चालायला लागा." चालणं सुरू आहे, तेव्हा कृपया मेथी-कारल्याचे उपाय नकोत.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. रिपोर्टच्या शेवटी अनेक जनुकं मिळून एक एकूण स्कोअर दिलाय. असे स्कोअर बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवरून बेततात आणि आपल्याकडे तितके नेमके लागू पडत नाहीत. माझा कोणाशी ताडून काढला ते लिहिलेलं नाही. कंपनीला मेल केली तर उत्तरात जाहिरातीचं पत्रक आलं!

ठाणे किंवा नवी मुंबईत, शनिवारी भेटणारे आणि असा रिपोर्ट खरंच वाचून समजावणारे जेनेटिक काउन्सेलर किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्ट कोणाच्या अनुभवात आहेत का? आणि माझ्या आकड्यांवर आत्ताच जीटीटी (ग्लुकोज पिऊन करायची साखरेची चाचणी) करावी, की वर्षातून एकदा एचबीए१सी पुरे?