स्टॉप साइनचं तिकीट: भरून टाकू की लढू?

प्रेषक: मराठी शाळेतली एक आई, सनीव्हेल, कॅलिफोर्निया

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी लेकीला मराठी शाळेत सोडायला निघाले होते. शाळेच्या मागच्या चौकात स्टॉप साइन आहे. तिथून उजवीकडे वळले आणि लगेच मागे दिवे लागले. गाडी पूर्ण थांबली नाही म्हणून पोलिसाने तिकीट दिलं.

मी थांबले होते. पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबले, पण कोपऱ्यावर मोठी व्हॅन उभी होती आणि आडवा रस्ता दिसत नव्हता. म्हणून हळूहळू पुढे सरकले आणि मग वळले. पोलीस खिडकीशी उभा असताना लेकीने मागून विचारलं, "आई, आपण थांबलो होतो ना?" मी तिला गप्प बस म्हटलं. तिकिटापेक्षा तेच मला जास्त लागून राहिलंय.

आता कोर्टाची नोटीस आली आहे, 238 डॉलरची. हे म्हणतात, भरून मोकळी हो. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्यांचं म्हणणं, तू त्या तिकिटावर सही केलीस, म्हणजे गुन्हा कबूल केलास, आता काय लढणार? ठरवायला दोन आठवडे आहेत. कुणी कधी तिकीट लढवलंय का? नेमकं काय करावं लागतं?

---

प्रेषक: काका, फ्रीमॉन्ट

अगं, पहिल्यांदा सासूबाईंना सांग की सही म्हणजे कबुली नव्हे. ठरलेल्या तारखेपर्यंत मी कोर्टाला उत्तर देईन, एवढंच वचन त्या सहीने दिलेलं असतं. तेव्हा तो घोर त्यांच्या मनातून काढून टाक.

आता माझं मत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात आणि मी ते मानतो. पैसे भर आणि ट्रॅफिक स्कूल, म्हणजे वाहतूक नियमांचा छोटा वर्ग, घे. घरी बसून ऑनलाइन होतं. कॅलिफोर्नियात 18 महिन्यांतून एकदा ही सोय मिळते. दंड माफ होत नाही, वर कोर्टाची फी आणि शाळेची फी लागते. पण अशा चुकीसाठी लायसन्सच्या रेकॉर्डवर लागणारा एक पॉइंट विमा कंपनीला दिसत नाही. नाहीतर तीन वर्षं तो तिथेच राहतो.

आणि काय वाटेल ते कर, पण तारीख चुकवू नकोस. मी चुकवली होती. घर बदललं होतं, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, आणि मला वाटलं कोर्ट विसरलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे लायसन्स निलंबित झाल्याचं मला नूतनीकरणाच्या खिडकीवर कळलं. इतके दिवस मी मुलांना घेऊन विनालायसन्स गाडी चालवत होतो, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. पत्ता बदलला की 10 दिवसांत डीएमव्हीला (वाहन आणि लायसन्स खात्याला) कळवायचं असतं, हे नव्याने आलेल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा.

---

प्रेषक: दादा, सॅन होजे

काकांचा मी फार आदर करतो, पण इथे माझं मत वेगळं आहे. ताई, तुम्ही थांबला असाल तर लढा. आणि पहिल्या फेरीसाठी कोर्टाची पायरी चढावीच लागत नाही.

कॅलिफोर्नियात लेखी खटला मागता येतो, 'ट्रायल बाय रिटन डिक्लरेशन'. फॉर्म टीआर-205. नोटिशीतल्या तारखेच्या आत तो मागायचा, दंडाची पूर्ण रक्कम 'बेल' म्हणून आधी भरायची, आणि काय घडलं ते लिहून फोटो जोडून पाठवायचं. पोलिसालाही त्याचं म्हणणं लेखी मागतात. न्यायाधीश दोन्ही वाचून पोस्टाने निकाल कळवतात. जिंकलात तर पैसे परत येतात. हरलात तर निकाल पोस्टात पडल्यापासून 20 दिवसांत टीआर-220 भरून नव्याने खटला मागता येतो, आणि तो समोरासमोर चालतो. म्हणजे एकाच तिकिटावर दोनदा बाजू मांडायची संधी.

मी हे दोन्ही केलंय. माझं तिकीट रडारवर पकडलेल्या वेगाचं होतं. इथला कायदा असा की अशा बऱ्याच रस्त्यांवर वेगमर्यादेमागे वाहतुकीचा अभियांत्रिकी सर्व्हे असावा लागतो. तो मुदतीबाहेर गेला असेल तर रडारचा पुरावा चालत नाही. मुदत मुळात 5 वर्षांची, काही अटी पाळल्या तर वाढते. शहराच्या कचेरीकडे मी सर्व्हेची प्रत मागितली, तर तो मुदतीच्या बराच पलीकडचा निघाला. तरीही लेखी फेरीत हरलो, कारण मी चार पानं लिहिली होती आणि सर्व्हेचा मुद्दा तिसऱ्या पानावर कुठेतरी होता. दुसऱ्या फेरीत उभं राहून फक्त सर्व्हेची तारीख सांगितली आणि प्रत पुढे केली. दहा मिनिटंही लागली नाहीत. पैसे परत आले.

तुमच्या बाबतीत सगळा प्रश्न एकाच जागेचा आहे: पोलीस कुठे उभा होता? वेहिकल कोडच्या, म्हणजे इथल्या वाहन कायद्याच्या, कलम 22450 प्रमाणे रेषा आखलेली असेल तर रेषेच्या अलीकडे थांबायचं. त्याला ती रेषाच दिसत नसेल, तर तुम्ही तिथे थांबलात की नाही हे तो कसं सांगणार? पुढे सरकताना त्याने तुम्हाला पाहिलं असेल आणि तेवढंच खरं धरलं असेल. येत्या रविवारी त्याच वेळी जा, तो उभा होता तिथे उभ्या राहा, आणि बघा.

---

प्रेषक: मावशी, डब्लिन, कॅलिफोर्निया (आधी न्यू जर्सी)

न्यू जर्सीहून आलेल्या मंडळींसाठी लिहिते. तिकडे गावच्या म्युनिसिपल कोर्टात सरकारी वकील आधी बाजूला घेऊन बोलतो. बरेचदा 'अनसेफ ड्रायव्हिंग'वर तडजोड होते, म्हणजे दंडावर 250 डॉलरचा अधिभार, पण पॉइंट नाही. ती सवय घेऊन इथे जाऊ नका. इथे अशा किरकोळ खटल्यात बहुधा वकील नसतोच. समोर फक्त तो पोलीस आणि न्यायाधीश.

दुसरं जास्त महत्त्वाचं. काल एका ग्रुपवर या ताईंना कुणीतरी सल्ला दिला की फांदीमुळे साइन दिसली नाही असं लिहून टाका. कृपा करून असलं काही लिहू नका. टीआर-205वर खाली शपथेची सही असते, खोटं निघालं तर तो वेगळा गुन्हा आहे. आपल्यातले कितीतरी जण व्हिसावर आहेत, कुणाचं ग्रीन कार्ड अडकलंय. नागरिकत्वाच्या अर्जात तिकिटाबद्दल विचारतात, तेव्हा तिकीट सांगता येतं. खोटी शपथ कशी सांगणार? दिसलं ते लिहा, नाही आठवत ते लिहू नका. आणि कोर्टाचा प्रत्येक कागद जपून ठेवा.

---

प्रेषक: काका, फ्रीमॉन्ट

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट लिहायची राहिली होती, आज लिहितो.

मी इथे आलो तेव्हा मला दोन तिकिटं मिळाली. त्यातलं एक माझ्या मते चुकीचं होतं. दोन्ही भरली. लोकांना सांगायचो, वेळ कुठे आहे. खरं कारण इंग्रजीचं होतं. न्यायाधीशासमोर वाक्य अडखळलं तर काय, याची भीती वाटायची. दुभाषा मागता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लेखी खटला असतो हे तर मला काल या दादामुळे कळलं. म्हणून माझा कालचा सल्ला मी सगळा मागे घेत नाही, पण त्यातली कोर्टाच्या पायरीची म्हण मागे घेतो.

फक्त एक हिशेब ध्यानात ठेव, बेटा. आज भरलंस तर ट्रॅफिक स्कूल हक्काने मिळेल. लढून हरलीस तर ते देणं न्यायाधीशाच्या मर्जीवर. म्हणून जबानीच्या शेवटी लिहून ठेव की दोषी ठरवल्यास ट्रॅफिक स्कूलची परवानगी द्यावी. आणि तो एक पॉइंट लागलाच तरी घाबरू नकोस. 1988च्या प्रपोझिशन 103 मुळे (मतदारांनी मंजूर केलेला विम्याचा कायदा) तीन वर्षांत एकच पॉइंट असलेल्यालाही इथे चांगल्या चालकाची 20 टक्के सवलत मिळू शकते. हप्ता थोडा वाढेल, सवलत जाणार नाही.

---

प्रेषक: मराठी शाळेतली एक आई, सनीव्हेल

मंडळी, मनापासून आभार. काल जाऊन आले.

पावणेदहाला पोचले. पोलिसाची मोटरसायकल एका ड्राइव्हवेच्या तोंडाशी होती, ती जागा मला नक्की आठवते, कारण तिथल्या टपालपेटीला निळा रंग आहे. तिथे उभी राहिले. समोर कण्हेरीचं कुंपण, माझ्या खांद्याच्याही वर, गुलाबी फुलांनी भरलेलं. त्याच्यापलीकडे झेब्रा क्रॉसिंगचा पुढचा पट्टा दिसतो. जाड पांढरी रेषा दिसत नाही. मोटरसायकलवर बसलेल्याच्या उंचीने पाहिलं, वाकून पाहिलं, दोन पावलं सरकून पाहिलं. नाहीच. यांना गाडी घेऊन रेषेपाशी थांबायला सांगितलं, तर बॉनेटचं टोकही दिसेना. गाडी पुढे सरकली तेव्हाच एकदम कुंपणामागून बाहेर आली. माझं तिकीट लिहिताना त्याला हेच दिसलं असणार. तो खोटं बोलला असं मला वाटत नाही, आणि तसं मी लिहिणारही नाही.

सहा फोटो काढले, प्रत्येकावर तारीख आणि कुठून काढला ते लिहिलं. जबानी एका पानाची केली आहे, दादांचं ऐकून कुंपणाचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात. किती सेकंद थांबले ते लिहिलेलं नाही, कारण मी मोजले नव्हते. व्हॅनचा रंगही लिहिला नाही, तो खरंच आठवत नाही. लेकीची साक्ष जोडावी असं हे म्हणत होते. ती आठ वर्षांची आहे, तिला या कागदात आणायचं नाही असं मी ठरवलं. पण काल तिला सोबत नेलं होतं. कुंपणापाशी उभी राहून ती म्हणाली, "इथून तर काहीच दिसत नाही." या वेळी मी तिला गप्प केलं नाही.

238 डॉलरचा चेक आणि टीआर-205 आज सकाळी पोचपावतीच्या टपालाने गेलं. शेवटी काकांनी सांगितलेली ट्रॅफिक स्कूलची ओळही आहे. सासूबाईंनी पाकीट देवापुढे ठेवून मगच मला बाहेर नेऊ दिलं.

निकाल आला की कळवते. शाळेत मुलांना सोडणाऱ्या सगळ्यांना एक विनंती, त्या चौकात दोनदा थांबा, एकदा रेषेपाशी आणि एकदा रस्ता दिसेल तिथे. ती व्हॅन अजून तिथेच उभी असते.